गांजाची केस: फक्त शिक्षा कमी करा म्हणून अपील होतं का?

हळदीचा_मळा
नमस्कार मंडळी. हा धागा काढावा का नको, आठ दिवस विचार केला. घरचं प्रकरण आहे म्हणून गाव सांगत नाही, गोदावरीच्या अल्याडचं समजा.

माझ्या मामाला गांजाच्या केसमध्ये १० वर्षं सक्तमजुरी लागली. वर १ लाख दंड, नाही भरला तर अजून २ वर्षं. हळदीच्या वावरात पाटाच्या कडंनं ३१ झाडं सापडली. पंचनाम्यात वजन २२ किलो ४०० ग्रॅम. झाडं होती, हे मी नाकारत नाही. मामा स्वतः ओढतो. दोघा-चौघांना दिला पण असेल, मी काही त्याची शपथ घेत नाही. पण वय ५८, आधी एक पण केस नाही, गुडघे पार गेलेले. पकडल्यापासून आतच आहे, २ वर्षं ३ महिने झाले. आता हर्सूल जेलला आहे.

आम्हाला 'मामाचा काही संबंधच नाही' असं खोटं बोलायचं नाही. शिक्षा लई झाली, तेवढी कमी करा, एवढ्यापुरतंच औरंगाबाद खंडपीठात अपील करता येतं का? खालचे वकील म्हणायलेत, "वर गेलात तर शिक्षा वाढायची, गप राहा." मामी रोज फोन करून विचारती. निकाल लागून ४१ दिवस झाले.

टपरीवरचा
३१ झाडं म्हणजे पाखरांनी बी टाकलं असं आता म्हणता येत नाही दादा 😀
गंमत सोडा. ४१ दिवस झाले म्हणता? अपिलाला ६० दिवस असतात. धाग्यावर नंतर या, आधी कागद गोळा करा.

काळा_कोट
टपरीवरचे बरोबर सांगतायत. विशेष न्यायालयाच्या निकालावर अपील उच्च न्यायालयात, मुदत ६० दिवस. सर्टिफाईड कॉपी मिळण्यात गेलेले दिवस वजा धरतात. मुदत हुकली तर विलंबमाफीचा अर्ज असतो, पण ती वेळ येऊ देऊ नका. निकालाची एक प्रत आरोपीला फुकट मिळते. मामांना दिलीच असेल, भेटीला जाल तेव्हा विचारा.

"शिक्षा वाढेल" ही भीती काढून टाका. आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात उच्च न्यायालयाला शिक्षा वाढवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. शिक्षा कमी पडली असं सरकारला वाटलं तर सरकारने वेगळं अपील करायचं. तसं काही आलंय का, एवढं तपासा. १० वर्षं लागलेल्या केसमध्ये सहसा येत नाही.

मूळ प्रश्नावर संध्याकाळी लिहितो, बोर्डावर मॅटर आहे.

सोयाबीन_१२_टक्के
२२ किलो ४०० मध्ये माती किती होती हो? मुळासकट उपटली असतील ना?

हळदीचा_मळा
हाव, मुळासकटच. मामाच्या शेजारच्यानं बघितलं. ओली झाडं, मोळ्या बांधल्या आणि काटा गावातून आणला.

सोयाबीन_१२_टक्के
बघा आता. आम्ही सोयाबीन घेऊन खरेदी केंद्रावर गेलो की आधी ओलावा मोजतात. १२ टक्क्यांच्या वर एक टिपूस चालत नाही, माल परत. उसाला कारखाना पाचट धरून वजावट करतो. कापसात हात घालून कवडी शोधतात. आणि गांजा तेवढा मातीसकट, मुळासकट, दवासकट मोजायचा! शेतकऱ्याच्या मालाला आख्ख्या आयुष्यात एकदा पूर्ण वजन मिळालं, ते पण असल्या ठिकाणी.

टपरीवरचा
+१ 😂 काटा मारला नाही हे विशेष.

जुना_हवालदार
हसण्यावारी नेऊ नका. मी ३२ वर्षं खात्यात काढली, असले पंचनामे केलेत. रात्री बातमी लागते, पहाटे वावरात जायचं, पंच मिळत नाहीत, मिळाले तर त्यांना डब्याची घाई. राजपत्रित अधिकारी बोलवा, फोटो काढा, काटा आणा, लाखेचं सील लावा. अशा वेळी बोंडं वेगळी, पाला वेगळा, खोड वेगळं करत बसणार कोण? आणि केलं तरी वकील म्हणणार मुद्देमालात फेरफार केला. आम्ही झाड जसं आहे तसं जप्त करतो. ते काय आहे हे लॅब ठरवेल.

पोलीस मुद्दाम वजन फुगवतात असं इथं कुणी लिहिलं तर मी वाद घालणार. पण कायद्यात शेंडा आणि खोड वेगळं आहे, हे मला स्वतःला नोकरीच्या शेवटच्या काळात एका सरकारी वकिलाने सांगितलं. तोवर आम्ही सगळेच झाड म्हणजे गांजा धरत होतो.

बीडचा_पाटील
झाड ओळखण्यावरून आठवलं. २०१२ ला आमच्या जिल्ह्यात परळीच्या बाजूला अफूची शेती सापडली होती. कितीतरी जण म्हणाले, आम्हाला खसखस म्हणून बी दिलं. आता खसखस त्याच बोंडातून निघती हे खरंच आहे. अनरशाला लावायची खसखस वावरात उभी असली की एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा!

अनारसे_जमतात
पाटील, अनारशाची खसखस ३०० च्या वर गेली तेव्हापासून मला पण संशय यायलाय.

नांदेडी_नाना
आणि महाशिवरात्रीची भांग चालती का मग?

काळा_कोट
नाना, नुसता पाला आणि बी, शेंड्याशिवाय असेल तर एनडीपीएसच्या व्याख्येतला गांजा नाही. भांग त्यामुळेच त्यातून सुटते. राज्याच्या दारूबंदी कायद्याचा परवाना मात्र लागतो, म्हणून उगाच घरी घोटू नका.

आणि हाच मुद्दा मळेवाल्यांच्या मामांचा आहे, म्हणून सावकाश लिहितो.

गांजा १ किलोच्या आत अल्प, २० किलोच्या वर कमर्शियल म्हणजे व्यापारी प्रमाण, मधला तो मधला. अल्पला जास्तीत जास्त १ वर्ष. मधल्याला १० वर्षांपर्यंत, म्हणजे न्यायाधीश दोन पण देऊ शकतात, सात पण. कमर्शियलला किमान १०, कमाल २०, दंड किमान १ लाख. तुमच्या मामांना १० आणि १ लाख लागलेत. म्हणजे खालच्या कोर्टाने कठोर शिक्षा दिलेलीच नाही. त्या कलमात जेवढी कमीत कमी देता येते तेवढी दिली.

आता तुम्ही वर जाऊन "वय ५८ आहे, गुडघे गेलेत, पहिलाच गुन्हा आहे, दया करा" म्हणालात, तर न्यायमूर्तींना वाईट वाटेल, पण हात बांधलेले आहेत. किमान शिक्षेच्या खाली उच्च न्यायालयालाही उतरता येत नाही. चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडायची सोय पण कलम ३३ ने १८ वर्षांच्या आतले आणि एक-दोन किरकोळ कलमं सोडून सगळ्यांना बंद केली आहे. "फक्त शिक्षेपुरतं" अपील म्हणजे तुमच्या केसमध्ये काहीच न मागणं.

मागायचं ते वजन. कायद्यातला गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळाचे शेंडे. मूळ, खोड, माती नाही. २२.४ मधून ती काढली तर २० च्या वर काय उरतं? २० च्या खाली आलं की किमान १० ची भिंत पडते. आणि झाडं लावल्याबद्दलचं जे वेगळं कलम आहे, २० (अ), त्यात पण १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण किमान काही नाही. मग वय, गुडघे, पहिला गुन्हा, सगळं बोलता येतं.

हळदीचा_मळा
साहेब, दोनदा वाचलं. म्हणजे झाडं होती हे कबूल ठेवून पण लढता येतं?

काळा_कोट
येतं. आणि लेखी कबुली कुठंच देऊ नका, घाईत तर नाहीच. ज्यांनी खटल्यात गुन्हा कबूल केलेला असतो, त्यांना मात्र फक्त शिक्षेच्या प्रमाणावर किंवा कायदेशीरपणावरच अपील करता येतं, दोषसिद्धीवर नाही. मामांनी कबूल केलं नव्हतं ना? मग दोन्ही दारं उघडी आहेत.

परभणी_टू_पुणे
काळा_कोट यांच्याशी थोडा असहमत. माझ्या चुलतभावाच्या केसमध्ये वकिलांनी सुनावणीच्या दिवशी सरळ सांगितलं, दोषसिद्धीवर बोलत नाही, शिक्षेवर बोलतो. ५ वर्षांची भोगली तेवढी, म्हणजे ३ वर्षं २ महिने, धरून सुटला. त्याच आठवड्यात घरी आला. तेव्हा "फक्त शिक्षेपुरतं" चालतं, मी डोळ्यांनी बघितलंय.

काळा_कोट
परभणीकर, किती किलो होता?

परभणी_टू_पुणे
४ किलो आणि काहीतरी.

काळा_कोट
मग आपलं भांडणच नाही. ४ किलो म्हणजे मधलं प्रमाण, तिथं किमान शिक्षा नाही. तिथं तुमच्या वकिलांनी केलं ते सगळ्यात शहाणपणाचं. २२ ला तेच केलं असतं तर चुलतभाऊ अजून आत असता.

मास्तरीण_लातूर
सकाळपासून वाचतेय. वजन, माती, मूळ, पाचट. छान चाललंय.

माझ्या भाच्याला बारावीत 'बटन'ची, म्हणजे नशेच्या गोळ्यांची सवय लागली. त्याआधी वर्षभर गांजा होता, आम्हाला कळलाच नाही. क्लासच्या वाटेवर मिळायचा. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला. वहिनीने गळ्यातलं विकलं. आज तो २४ चा आहे आणि दुकानात बसवलं तर गल्ल्यात हात घालतो. त्याला पहिली पुडी देणारा पण कुणाचातरी मामाच असेल. त्याचे पण गुडघे दुखत असतील.

३१ झाडं स्वतःच्या चिलमीसाठी कोणी लावत नाही. मळेवाले दादा, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून मी पण प्रामाणिकपणे लिहिते: मला नाही वाटत शिक्षा जास्त झाली.

टपरीवरचा
ताई 🙏

नांदेडी_नाना
ताईंचं दुखणं खरं आहे. पण ताई, लेकराला गोळ्या विकणारी टोळी कुठं आणि हळदीतला म्हातारा कुठं? मोठे मासे सुटतात. तुळजापूरचं एमडी (मेफेड्रोन ड्रग) प्रकरण २०२५ ला गाजलं, तेव्हा देवीच्या दारात हे कुठून आलं म्हणून लोक हबकले.

मास्तरीण_लातूर
नाना, मोठे मासे सुटतात म्हणून बारके सोडायचे का? आणि ५८ वय म्हणजे म्हातारा नाही. मी ५६ ची आहे.

नांदेडी_नाना
शब्द मागे घेतो. मी ६१ चा.

हळदीचा_मळा
ताई, तुम्ही लिहिलं ते मामीला वाचून दाखवलं नाही, पण मी रात्री परत वाचलं. तुमच्या भाच्याला कुणी दिलं ते माहीत नाही, आमच्या गावातून लातूरला माल जात नव्हता असं पण मी छातीठोक सांगू शकत नाही. मामाला काहीच शिक्षा नको असं माझं म्हणणं नाही. २ वर्षं ३ महिने भोगलीच. अजून दोन-तीन भोगू दे. १० जास्त वाटतात मला.

मास्तरीण_लातूर
ठीक. तेवढं मी समजू शकते. अपील करू नका असं मी म्हणाले नव्हते, तो त्यांचा हक्कच आहे.

कोर्टाची_पायरी
मी वकील नाही, पण भावाच्या केसमुळे अर्धा झालोय. दोन गोष्टी कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

एक, गरिबीचा मुद्दा. आम्ही अपिलात पानभर लिहिलं होतं: घरातला एकटा कमावता, दुसऱ्याचा माल वाहून नेणारा, लहान लेकरं. वकिलांनी २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवला. १ किलो हेरॉईन, १५ वर्षं शिक्षा. तिथं हेच सगळं मांडलं होतं. कोर्ट म्हणालं, शिक्षा ठरवताना समाजाचं हित पण बघायचं, गरीब होता, नुसता वाहक होता एवढ्यावर कमी करता येत नाही. १५ ची १५ राहिली. उलट २०१९ च्या एका निकालात १६ ची १२ झाली होती. म्हणजे किमानच्या वर जेवढी दिली तेवढ्यातच हलवाहलव. आमच्या भावाची १२ ची १० झाली, त्याच्या खाली नाही. पेढे वाटावेत का नाही तेच कळंना.

दुसरं, १० म्हणजे १०. बाकीच्या कैद्यांना चांगल्या वागणुकीची माफी मिळून दिवस कमी होतात, एनडीपीएसला कलम ३२-अ मुळे ती माफी नाही. खुनातला बराकीतला माणूस दिवस मोजून कमी करतो आणि आपला माणूस नुसता मोजतो. कच्च्या कैदेतले दिवस तेवढे वजा होतात, ते वॉरंटवर बरोबर लिहिलेत का बघा. आमच्याकडे चार महिने लिहायचेच राहिले होते.

जुना_हवालदार
वॉरंटवरचा आकडा नक्की बघा. हे मी पण पाहिलंय.

सोयाबीन_१२_टक्के
तोवर बाहेर तर येता येतं का? अपील चालू असताना?

काळा_कोट
शिक्षा स्थगित करून जामीन मागता येतो. ३२-अ मध्ये त्याला पण बंदी लिहिलेली आहे, पण कोर्टाचा तो अधिकार काढून घेता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरवलं. आपल्याच राज्यातून गेलेल्या प्रकरणात. अडचण अशी की कमर्शियल प्रमाण असलं की कलम ३७ आडवं येतं. आरोपी दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे, हे कोर्टाला पटावं लागतं. खाली दोषी ठरलेल्या माणसाबद्दल हे पटवणं किती अवघड, तुम्हीच बघा. पण वजन २० च्या खाली जाईल असं दिसलं तर ३७ पण ढिलं पडतं. परत वजनच.

आणि दंड न भरल्याची २ वर्षं, त्याकडे कुणी बघत नाही. ती शिक्षा नसून दंड वसूल करायची तरतूद आहे, म्हणून तिला किमान नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका गरीब आरोपीची अशी ३ वर्षं ६ महिन्यांवर आणली होती. दंड १ लाखच राहील, पण २ वर्षं कमी करा ही मागणी अपिलात वेगळी लिहा. तिथं दयेला जागा आहे.

टपरीवरचा
म्हणजे गुडघे तिथं उपयोगी पडणार.

काळा_कोट
तिथं गुडघे, वय, जमीन किती, सगळं.

अनारसे_जमतात
वकिलाचा खर्च? हे लोक कुठून करणार?

कोर्टाची_पायरी
कोठडीतल्या माणसाला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. जेलमधून अर्ज केला की खंडपीठाच्या विधी सेवा समितीकडे जातो. अपील पण जेलमधून, अधीक्षकांमार्फत पाठवता येतं, फी नाही. फक्त साक्षीपुरावे मराठीत असतात आणि वर काम इंग्रजीत चालतं, त्या भाषांतराला आणि पेपरबुकाला (केसच्या कागदांचा बांधलेला संच) वेळ लागतो. त्या काळात फोन करून वकिलाचं डोकं खाऊ नका, फाईलवर पंचनाम्याची वाचता येईल अशी झेरॉक्स तेवढी द्या. आमची पुसट होती, 'खोड' शब्दच दिसत नव्हता.

हळदीचा_मळा
मंडळी, परवा हर्सूलला जाऊन आलो. निकालाची प्रत मामाच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली होती, त्यानं वाचलीच नव्हती. चष्मा घरी राहिलाय म्हणाला. २ वर्षं.

५४ व्या दिवशी अपील दाखल झालं. विधी सेवेचा वकील मिळाला, तरुण आहे, पण पंचनामा त्यानं माझ्यासमोर वाचला. त्यात सरळ लिहिलंय: "हिरवी ओली झाडे, मुळे, खोड, पाला व शेंड्यांसह". आणि लॅबला जो नमुना गेला तो १०० ग्रॅम, नुसत्या शेंड्यांचा. उरलेल्यात शेंडा किती, हे कुठंच मोजलेलं नाही. खालच्या वकिलानं यावर एक पण प्रश्न विचारला नव्हता.

काळा_कोट
प्रश्न विचारला नाही हे वाईट, पण पंचनामा सरकारचाच आहे. प्रमाण सिद्ध करायची जबाबदारी पण सरकारचीच. हा कागद तुमच्या बाजूने बोलतो. कोर्ट काय म्हणेल ते मी सांगणार नाही, असं सांगणाऱ्या वकिलापासून लांब राहा.

जुना_हवालदार
पंचनामा ज्यानं लिहिला त्यानं खरं लिहिलं, एवढं माझ्या वतीने नोंदवून ठेवा.

मास्तरीण_लातूर
चष्मा पोचवला का?

हळदीचा_मळा
ताई, पुढच्या भेटीला नेणार आहे. नंबर मामीला माहीत नव्हता, जुन्या दुकानातून काढला.

अपील अॅडमिट झालं, स्थगितीच्या अर्जावर तारीख पडली आहे. मामी विचारायलीय, दंडाच्या लाखासाठी हळद आत्ता विकायची का भाव वाढेपर्यंत थांबायचं.

सोयाबीन_१२_टक्के
वसमतच्या बाजारात आज काय भाव निघाला ते बघून सांगतो. आधी वाळवली का नीट, ते विचारा.